कोऱ्या जागेला कात्री न लावणारे बाइंडर

आईची ‘बहिणाबाईंची गाणी’ बांधून हातात आली त्याला दीड महिना झाला. नवं बांधलेलं पुस्तक पहिल्या दिवशी छानच दिसतं, म्हणून लगेच लिहिलं नाही. महिनाभर ते रोज उघडलं, ओट्यावर ठेवलं, मांडीवर ठेवलं, एकदा महाराष्ट्र एक्सप्रेसनं जळगावला नेऊन आणलं, आणि आता लिहायला बसले आहे.

काम झालं पुण्यात, अप्पा बळवंत चौकातून चालत पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. बाइंडर काका एकटे काम करतात. वय सत्तरीच्या पुढे. मी लिहिणार म्हटल्यावर ते म्हणाले, “ताई, खुशाल लिहा, पण नाव घालू नका. दहा पुस्तकं एकदम आली तर मला नाही म्हणवत नाही, आणि मग हात घाई करतो.” त्यांचा शब्द मी पाळते आहे. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी त्या भागातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे हातानं जुजबंदी, म्हणजे दोऱ्याची शिलाई, करणाऱ्या काकांची चौकशी करावी. ते बरोबर दारापर्यंत पोचवतात, मीही तशीच पोचले.

पुस्तकाबद्दल आधी सांगते. आईचं लग्न १९६४ सालचं. ती आसोद्याच्या जवळच्या गावातली, म्हणजे बहिणाबाईंच्या माहेरच्या पंचक्रोशीतली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वडिलांनी तिला हे पुस्तक आणून दिलं. बहिणाबाई गेल्या डिसेंबर १९५१ मध्ये आणि पुस्तक निघालं १९५२ साली, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. तेव्हा आमची प्रत काही पहिल्या आवृत्तीची नव्हे, तिला बाजारात किंमत नाही. पण ती खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, छापलेली आहे. पानाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं की अक्षराचा दाब अजून लागतो. ‘घरोट’ या गाण्याच्या पानावर तर डोळे मिटूनसुद्धा ओळ कुठे संपली ते कळतं.

आई ते पुस्तक तांदूळ निवडताना पाटावर उघडं ठेवायची. तिला सगळी गाणी पाठ होती, तरी ठेवायची. पान उलटायला तिचा एकच हात मोकळा असे, तोही पिठाचा किंवा हळदीचा. त्यामुळे पुस्तकाचं जे व्हायचं ते झालं. कव्हर गेलं, पहिली काही पानं सुटली, आणि १९८० च्या आसपास कोणीतरी ते ‘मजबूत’ करून दिलं. म्हणजे कण्याच्या कडेला वरून तीन भोकं पाडून दाभणानं आडवे टाके मारले. पुस्तक मजबूत झालं खरं, पण उघडेना. दोन्ही हातांनी ताणून धरावं लागायचं आणि सोडलं की फटकन मिटायचं. त्यानंतर आईनं ते पाटावर ठेवणं सोडलं. ती गाणी म्हणत राहिली, पुस्तक मात्र कपाटात गेलं. माझं लग्न होऊन मी पुण्याला आले, आई गेली, आणि कपाट आवरताना पुस्तक माझ्याकडे आलं.

आता वडिलांविषयी, कारण त्यांच्याशिवाय या बांधणीचं मोल मला नीट सांगता येणार नाही. वडील जळगावला एका छापखान्यात कंपोझिटर होते. सरकारी मराठीत जुळारी. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीच्या, उंच घोडीपाशी उभी राहून बघायची. इंग्रजीच्या कंपोझिटरपुढे असतात त्याच्या कितीतरी पट खण मराठीच्या कंपोझिटरपुढे असायचे: अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार. वडील खणांकडे न बघता खिळा उचलायचे आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, उलटा बसवायचे. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा तो थंड, जड खिळा मी कितीदा तरी तळहातावर घेतला आहे.

एकदा ते कवितेचं पान जुळवत होते. ओळीत चार-पाच शब्द आणि पुढे सगळं मोकळं. मी म्हटलं, आज काम कमी आहे ना? त्यांनी मला स्टिक जवळून दाखवली. ओळीतले शब्द संपले होते, पण ओळ संपली नव्हती. शब्दांपुढे शेवटपर्यंत शिशाचे चौकोनी ठोकळे लावलेले होते. त्यांना क्वाड म्हणतात. ते खिळ्यांपेक्षा उंचीला कमी असतात, म्हणून त्यांना शाई लागत नाही आणि कागदावर ते उमटत नाहीत. दोन कडव्यांमध्येही तसंच, शिशाच्या पट्ट्या. वडील म्हणाले, “बाई, कवितेत मोकळी जागाही जुळवावी लागते. ती सोडली तर सगळी ओळ ढासळते.” तेव्हापासून कवितेच्या पुस्तकात उजवीकडे दिसणारं पांढरं मला कधी रिकामं वाटलं नाही. तिथे कोणीतरी हातानं शिसं भरलेलं असायचं.

बहिणाबाईंनी स्वतः जळगावात छापखाना पाहिला होता आणि त्यावर गाणं रचलं होतं. माणूस वेडाजाणाच राहतो, पण कोरा कागद छापून शहाणा होतो, असं त्या म्हणून गेल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं यंत्राकडे बघून हे म्हणावं याचं मला अजून नवल वाटतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि पीतांबर चौधरींनी कागदावर उतरवून घेतली म्हणून राहिली. वडील ते छापखान्याचं गाणं काम करताना गुणगुणायचे.

हे सगळं डोक्यात असल्यामुळे बाइंडर शोधताना मला एकच भीती होती, आणि ती अनुभवानं आलेली होती. सहा-सात वर्षांपूर्वी मी दुसरं एक पुस्तक बांधायला दिलं होतं. जळगावातल्या एका शिक्षकांचा स्वखर्चानं काढलेला कवितासंग्रह, शहाण्णव पृष्ठांचा, थोड्याच प्रती. त्याचं सगळं जुळणीचं काम वडिलांनी एकट्यानं केलं होतं, म्हणून शिक्षकांनी एक प्रत त्यांना दिली होती. कडा काळवंडल्या होत्या, दोन फर्मे, म्हणजे दुमडून शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटले होते. मी ज्या दुकानात दिलं तिथे झेरॉक्स आणि प्रोजेक्ट बाइंडिंगचं काम चालायचं. दोन दिवसांत पुस्तक परत मिळालं. कण्याची घडी यंत्रानं कापून पानं सुटी केली होती, गरम सरसानं चिकटवली होती आणि तिन्ही बाजूंनी ‘फ्रेश कट’ मारला होता. कडा अगदी पांढऱ्याशुभ्र. कवितेच्या ओळी मात्र पानाच्या टोकाला येऊन टेकल्या होत्या, वरचं शीर्षक कडेला चिकटलं होतं आणि चार ठिकाणी पृष्ठांकाचा तळ उडाला होता. काउंटरवरचा मुलगा चांगल्या मनानं म्हणाला, “काकू, एकदम नवं करून दिलं बघा.” मी पैसे दिले आणि रिक्षात बसून रडले. वडिलांनी जुळवलेली मोकळी जागा मी स्वतःच्या हातानं कापायला दिली होती.

म्हणून या काकांकडे गेले तेव्हा आईचं पुस्तक पिशवीतच ठेवलं आणि आधी विचारलं, “तुम्ही कडा कापता का?”

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. “समास कोणाचा?” त्यांनी उलट विचारलं. मला प्रश्न कळला नाही. मग म्हणाले, “समास छापणाऱ्यानं ठरवलेला असतो. मी बांधणारा. माझा त्याच्यावर हक्क नाही. कडा मळलेली असली तर खोडरबरानं निघेल तेवढी काढीन, बाकी तशीच राहील. चालेल का?”

मी पिशवीतून पुस्तक काढलं.

त्यांनी ते उघडायचा प्रयत्न केला नाही. आधी कण्याकडून पाहिलं, मग खालच्या कडेकडून, मग एक सुटं पान घेऊन ते आधी उभं आणि मग आडवं, अगदी हलकेच वाकवलं. मला जवळ बोलावून म्हणाले, “बघा, उभ्या बाजूला वाकतंय सहज, आडवं वाकायला कुरकुरतंय. कागदाचे तंतू कण्याला समांतर आहेत. छापणाऱ्यानं कागद बरोबर लावलाय. हे पुस्तक उघडणार.” आडव्या तंतूंचा कागद असला की पान ताठ उभं राहतं, कितीही चांगली शिलाई केली तरी. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, हे मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी एका पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, एक बारीक आकडा दाखवला. पृष्ठांक वेगळा, हा वेगळा. तो फर्म्याचा क्रमांक. मोठ्या कागदावर सोळा पृष्ठं छापून तो तीन घड्या घालून दुमडायचा, त्याचा एक फर्मा. असे फर्मे क्रमानं एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येकाच्या घडीतून दोरा ओवून एकमेकांना बांधायचे, ही जुजबंदी. आमच्या प्रतीत ती मुळात होती. वरून मारलेल्या आडव्या टाक्यांखाली ती दबून गेली होती, एवढंच.

त्यांनी काय काय केलं ते मी तीन वेळा जाऊन पाहिलं. त्यांनी बसू दिलं, त्याबद्दल आभार.

पहिल्यांदा गेले तेव्हा आडवे टाके काढून झाले होते आणि कण्यावरचा जुना सरस काढायचं काम चाललं होतं. पुस्तक दोन फळ्यांमध्ये धरून कणा वर केलेला, त्यावर दाट खळ थापलेली. अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची. खळीच्या ओलीनं सरस फुगतो आणि मऊ होतो, मग बोथट सुरीनं तो सालीसारखा निघतो. घाई केली तर घडीचा कागदही त्यासोबत निघून येतो. काका दर पाच मिनिटांनी नखानं टोकरून पाहत होते. खळ गव्हाच्या सत्त्वाची, घरीच शिजवलेली. कसर लागू नये म्हणून पुठ्ठ्याच्या खळीत बाइंडर मोरचूद घालतात, काकाही घालतात. पण पानांना लावायच्या खळीत नाही. “मोरचुदानं कागद पुढे जाऊन तपकिरी होतो. पुठ्ठ्याला चालतं, कवितेला नको.”

त्या दिवशी सुटा झालेला एक फर्मा त्यांनी माझ्यापुढे उघडून ठेवला. चाळीस वर्षं टाक्यांच्या आत गेलेला आतला समास मला दिसला. बाकी पान तपकिरी पडलं होतं, आणि आत घडीलगत बोटभर रुंदीची पट्टी जवळजवळ मूळच्या रंगाची, फिकट साईसारखी. पुस्तक १९६४ साली वडिलांनी आणलं तेव्हा असं दिसत असेल. त्या पट्टीत ओळीओळीनं काही नव्हतं, फक्त तीन भोकं होती. मी किती वेळ बघत बसले ते आठवत नाही.

दुसऱ्या खेपेला फाटलेल्या घड्या सांधून झाल्या होत्या. प्रत्येक फर्म्याची सगळ्यात बाहेरची घडी झिजून तुटलेली होती. तिच्यावर जपानी टिश्यूची बारीक पट्टी, लांब तंतूंचा, जवळजवळ पारदर्शक कागद. तो कात्रीनं कापत नाहीत. पाण्यात बुडवलेल्या कुंचल्यानं रेघ ओढायची आणि ओल्या रेघेवर हलकेच ओढून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि जुन्या कागदात मिसळून जातात. उजेडासमोर धरलं तरच सांधा दिसतो. पूर्वी कोणीतरी दोन पानांना सेलोटेप लावली होती. टेप सुटून पडली होती, तिचा पिवळा डाग राहिला. तो निघणार नाही असं काकांनी स्वच्छ सांगितलं आणि तो निघाला नाही.

हळदीच्या डागाबद्दलही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, “बरं केलंत. हळद उन्हात उडते, पण उन्हात ठेवलं की कागदही म्हातारा होतो.”

एक गोष्ट मी हट्टानं घेऊन गेले होते, ती त्यांनी नाकारली. आईच्या एका सुती लुगड्याचा तुकडा. पुठ्ठ्यावर तेच कापड चढवावं असं माझ्या मनात होतं. त्यांनी कापड उजेडासमोर धरलं, दोन बोटांत चोळलं आणि परत दिलं. “हे विरलंय. खळ झिरपून वर डाग पडतील, आणि सांध्यावर, जिथे पुस्तक रोज दुमडतं, तिथे वर्षात फाटेल. मागून कागद चिकटवून घेता येईल, पण मग लुगड्याचा मऊपणा जाणार. कशाला? लुगडं लुगडं राहू द्या.” त्यांनी गडद हिरवं बांधणीचं कापड काढलं, बारीक विणीचं, हाताला किंचित खरखरीत. मी आधी खट्टू झाले. आता रोज हातात घेते तेव्हा त्यांचं ऐकलं याचं समाधान वाटतं.

अस्तराचा कागद मात्र माझ्या पसंतीचा. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथला कापडाच्या चिंध्यांपासून केलेला कागद मी स्वतः जाऊन आणला. बदामी रंगाचा, मध्येच एखादा निळा तंतू दिसतो. पुठ्ठा उघडला की पहिल्यांदा हा कागद समोर येतो. त्याची कड मशीननं कापलेली नाही, विरत गेलेली आहे. जुन्या पानांशेजारी पांढरा ऑफसेट पेपर लावला असता तर पुस्तक नव्या दातांसारखं दिसलं असतं.

तिसऱ्या खेपेला शिलाई चालू होती, आणि ती मला डोळ्यांनी बघायला मिळाली हे मोठं भाग्य. शिलाईच्या चौकटीत उभ्या तीन फिती ताणलेल्या. खाली पहिला फर्मा. काका तो मध्यावर उघडतात, डावा हात आत, उजवा बाहेर. मेण लावलेला दोरा आत जातो, फितीला वळसा घालून बाहेर येतो, पुन्हा आत. टोकाला आलं की खालच्या फर्म्याला गाठ. मग दुसरा फर्मा. दोरा ओढताना ते नेहमी कण्याच्या दिशेनं ओढतात, कधीच वर नाही, कारण वर ओढला की घडी चिरते. ओढ किती द्यायची ते कशावरून ठरवता, विचारलं. म्हणाले, “दोरा वाजतो.” मी कान दिला. मेण लावलेला दोरा कागदातून जाताना बारीक सरसर होते आणि शेवटी एक टुक्. त्या टुक्‌नंतर ते थांबतात.

आता पुस्तक कसं आहे ते.

उघडतं. कुठल्याही पानावर उघडलं तर उघडं राहतं. ओट्यावर पोळ्या लाटताना मी ते समोर ठेवते, हात लावावा लागत नाही. कण्यावर कापड चिकटवलेलं नाही, मध्ये कागदाची पोकळ नळी आहे. पुस्तक उघडलं की कापड बाहेरच्या बाजूला सुटं होतं आणि पानं आपल्या वजनानं सपाट पडतात. यासाठीच तर मी गेले होते. कविता वाचताना माणूस एकाच पानावर थांबतो. दोन ओळी वाचतो, वर बघतो, भाजी हलवतो, परत त्याच ओळीवर येतो. पुस्तकानं तेवढा वेळ तिथेच पडून राहायला हवं. कादंबरी एका बैठकीत दोन्ही हातांत धरून वाचता येते. कवितेच्या पुस्तकाला असा उघडा मुक्काम लागतो, आणि तो शिलाईतून येतो. हल्ली नवे कवितासंग्रह बहुतेक सरसानं चिकटवलेले येतात. मुखपृष्ठ सुंदर, कागद जाड, आणि पुस्तक उघडं राहत नाही. डाव्या पानावरच्या लांब ओळींचे शेवटचे शब्द कण्याच्या दरीत जातात. ज्या ओळी कवीनं जिथे तोडल्या तिथेच त्या वाचकाला दिसायला हव्यात, हे प्रकाशकांनी मनावर घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं. शिलाईला प्रतीमागे खर्च वाढतो हे मी जाणते. त्या खर्चासाठी मी किंमत जास्त देईन, आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

प्रत्येक फर्म्याच्या मध्यावर, आठव्या आणि नवव्या पृष्ठाच्या सांध्यात, दोरा दिसतो. तीन फितींमुळे तिथे दोऱ्याचे लहान लहान टाके आहेत. एका फर्म्यात ते ‘खोप्यामधी खोपा’च्या शेजारी आले आहेत. सुगरणीनं विणलेल्या घरट्याच्या गाण्याजवळच दोरा उघड्यावर यावा हे मुद्दाम कोणी केलेलं नाही, सोळा-सोळा पृष्ठांच्या हिशोबानं ते तसं आलं. पण मी त्या पानावर आले की बोट दोऱ्यावरून फिरवते.

तक्रारी दोन आहेत, त्या सांगायलाच हव्यात.

पहिली वेळेची. तीन आठवडे सांगितले होते, सात लागले. कारण रास्त होतं. पावसाळ्यात खळ लवकर वाळत नाही, ओलसर पुस्तक शिकंज्यातून, म्हणजे दाबातून, काढलं तर पुठ्ठा वाकतो आणि बुरशीही धरते. पण हे जूनमध्येच सांगता आलं असतं. मी दोनदा उगाच फेऱ्या मारल्या, आणि त्यांच्याकडे फोन आहे पण ते उचलत नाहीत, कारण हात खळीत असतात. तुम्हाला घाई असेल, कोणाला वाढदिवसाला द्यायचं असेल, तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच्या काळात द्या.

दुसरी कण्यावरच्या नावाची. नाव पितळी अक्षरं तापवून सोनेरी वर्खानं उठवतात. ‘बहिणाबाईंची’ मधलं ‘ईं’ त्यांच्या अक्षरसंचात नाही. ‘ई’ आहे, वर अनुस्वार असलेली नाही. त्यांनी पूर्णविरामाचा ठसा घेऊन टिंब वेगळं मारलं. ते जरा डावीकडे आणि किंचित खाली बसलं आहे, ‘ई’च्या शेंडीला लागून. दुसऱ्या कोणाला सांगितल्याशिवाय दिसणार नाही. मी मुद्रितशोधक, मला पहिल्या क्षणी दिसलं, आणि त्यांनाही माहीत होतं. पुस्तक हातात देताना त्यांनी आधी ते टिंबच दाखवलं. “पुसायला गेलो तर कापड करपलं असतं. राहू दिलं.” त्यांनी त्या कामाचे दोनशे रुपये कमी लावले, मी न मागता. माझं म्हणणं, ज्यांच्या पुस्तकाच्या नावात असं अक्षर असेल त्यांनी कण्यावर नाव न घालता पुठ्ठ्यावर कागदी चिठ्ठी लावून घ्यावी. ती ते सुरेख करतात, मी दुसऱ्या एका पुस्तकावर पाहिली. थोडं खोलगट करून त्यात बसवतात, म्हणजे चिठ्ठीची कड झिजत नाही.

एकूण खर्च एक हजार आठशे पन्नास रुपये, अस्तराचा कागद माझा. नव्या प्रतीच्या कितीतरी पट हा आकडा आहे, हे मला पुतण्यानं हिशोब करून दाखवलं. नवी प्रत माझ्याकडे आहेच, ती मी भेट द्यायला घेते. या पैशांत मला आईचं पुस्तक परत पाटावर ठेवण्याजोगं मिळालं. हातानं शिवलेल्या, सांधलेल्या, दाबात ठेवलेल्या कामाचे एवढे पैसे मला कमीच वाटले. तसं मी काकांना म्हटलंही, त्यांनी विषय बदलला.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. पुस्तक आधी कुठेही चिकटवू नका, टेप तर मुळीच नको. सुटी पानं, कव्हरचे तुकडे, अगदी कण्याची चिंधीसुद्धा एका पाकिटात घालून न्या. जुन्या कव्हरचा तुकडा उरला असेल तर ते तो नव्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला जपून लावतात. पुस्तकात तुम्हाला जपायचं काय आहे ते पहिल्याच भेटीत सांगा, डाग, सही, वाळलेलं पान, जे असेल ते. ते वहीत लिहून घेतात. आणि गुळगुळीत, आर्ट पेपरवर छापलेलं पुस्तक नेऊ नका, ओल लागली की त्या कागदाची पानं एकमेकांना चिकटून बसतात, ते घेतही नाहीत.

पुस्तक घरी आणल्यावर आठ दिवसांनी मी पुन्हा गेले. या वेळी पिशवीत वडिलांनी जुळवलेला तो कापलेला कवितासंग्रह होता. टेबलावर ठेवला आणि काही बोलले नाही. काकांनी एक-एक पान पाहिलं. शेवटच्या पानावर मुद्रकाच्या ओळीशी थांबले. मी म्हटलं, “जुळणी माझ्या वडिलांची.”

ते बराच वेळ गप्प होते. मग कपाटातून हातकागदाचा एक मोठा ताव काढला, त्यावर एक पान ठेवलं, पेन्सिलनं भोवती चौकट आखली, आणि पान उचललं. आखलेल्या चौकटीबाहेर चारी बाजूंना मोकळा कागद उरला होता. प्रत्येक पानासाठी एक चौकट कापायची, पान त्या खिडकीत बसवायचं, कडेला टिश्यूची पट्टी. असे अठ्ठेचाळीस कागद. मग ते जोडून घड्या करायच्या आणि नव्यानं फर्मे शिवायचे.

“कापलेलं परत येत नाही,” ते म्हणाले, “पण ओळीला उभं राहायला जागा देता येईल. मूळ समास किती होता आठवतो का?”

मला आठवत नव्हतं. पण वडिलांची एक जुनी वही माझ्याकडे आहे, तिच्यात ते प्रत्येक कामाची मापं लिहून ठेवायचे, ओळीची लांबी, पानाची उंची, चारी समास. ती शोधून दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. काकांनी मापं आपल्या वहीत उतरवून घेतली आणि वडिलांची वही परत केली. फेब्रुवारीत चौकशी करायला सांगितलं आहे.